दोन सभागृहांमधली एकच भिंत : सुपरहिरो चित्रपटाच्या तीन आठवड्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दोन पडद्यांच्या एका स्वतंत्र चित्रपटगृहाचं आहे. मोठ्या सभागृहात २८६ खुर्च्या, लहान सभागृहात ७४, आणि दोघांच्या मध्ये एकच भिंत. कोणत्या आठवड्यात कोणता चित्रपट लावायचा, त्याचे शो किती आणि कोणत्या वेळी ठेवायचे, हे ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं. चित्रपटगृह, दोन्ही चित्रपट आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. आकडे आमच्या रोजच्या नोंदवहीतले आहेत.

महासाथीत बंद झालेलं चित्रपटगृह पुन्हा उघडून काही महिनेच झाले होते. आम्ही आठ जण. दोन महिने पगार निम्माच निघाला होता. मोठ्या प्रोजेक्टरचा दिवा ठरलेल्या तासांपलीकडे चालवत होतो, त्यामुळे पडद्यावरचा उजेड मंदावला होता. प्रेक्षक तशी तक्रार करत नाही. त्याला कारण कळत नाही, पण रात्रीच्या दृश्यात चेहरे दिसेनासे झाले की त्याचं मन चित्रपटातून सुटतं.

अशा वेळी लहान पडद्यावर आम्ही एका नवख्या दिग्दर्शिकेचा पहिला चित्रपट चार आठवड्यांसाठी घेतला. दोन वयस्क बहिणी, एक रिकामं होत जाणारं घर, फार थोडे संवाद. दीड तासाच्या या चित्रपटात साधारण तासाभराने एक प्रसंग येतो. थोरली बहीण अंधाऱ्या स्वयंपाकघरात एकटी बसून नळाचं ठिबकणं ऐकते. जवळजवळ चार मिनिटं दुसरं काही घडत नाही. तो प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हाच ठरवलं होतं, हा चित्रपट आपल्याकडे लागलाच पाहिजे.

पहिल्या शुक्रवारच्या पहिल्या शोला ९ माणसं आली. रविवारी संध्याकाळी ७१. पहिल्या आठवड्यात एकूण ४१२. अशा चित्रपटाची जाहिरात परवडत नाही. एकाने पाहायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, एवढाच त्याचा प्रचार. त्याला पैशापेक्षा जास्त गरज असते ती दिवसांची, आणि त्यातही संध्याकाळच्या शोची.

दुसऱ्या शुक्रवारी सुपरहिरो चित्रपट येणार होता.

पेच

मोठ्या चित्रपटाच्या वितरकाच्या अटी अशा होत्या : मोठ्या पडद्यावर तीन आठवडे, सगळे शो त्याचेच, मध्ये दुसरा चित्रपट घुसवायचा नाही. पहिले दोन आठवडे लहान पडद्यावरचे संध्याकाळचे आणि रात्रीचे शोही त्यालाच. तिकीटविक्रीतला त्यांचा वाटा निम्म्याहून बराच जास्त, पुढे आठवड्यागणिक थोडा उतरणारा.

व्यवसायात नसलेल्यांना या अटी जाचक वाटतील. पण मोठ्या मालिकांच्या चित्रपटांचा व्यवहार जगभर याच दिशेने गेला आहे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स’च्या आठव्या भागासाठी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांपुढे ठेवलेल्या अटी वृत्तपत्रांतून बाहेर आल्या होत्या : सुमारे ६५ टक्के वाटा आणि सर्वांत मोठ्या पडद्यावर चार आठवडे. तो सुपरहिरो चित्रपट नव्हता, पण करार त्याच जातकुळीचा.

आमच्यापुढे दोन प्रश्न एकदम आले. पगार आणि दिवा यांचे पैसे कुठून आणायचे? आणि नुकताच पाय रोवू लागलेल्या छोट्या चित्रपटाचं काय करायचं? मालकांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, “तुमचा तो चित्रपट चांगला आहे, मान्य. पण एक तारखेला मी या सात जणांना काय सांगू?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चित्रपटाच्या कलेविषयी बोलताना हा प्रश्न बाजूला ठेवणारा माणूस चित्रपटगृह चालवू शकत नाही, असं मी आजही मानतो.

आमच्यातला वाद

करारावर बोलता बोलता चर्चा वेगळीकडेच गेली, आणि ती नोंदवण्यासारखी आहे, कारण पुढचे चुकीचे निर्णय तिच्यातूनच निघाले.

प्रोजेक्शन सांभाळणारे आमचे ज्येष्ठ सहकारी अमेरिकी दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या बाजूचे. २०१९ मध्ये स्कॉर्सेसींनी मार्व्हल या सुपरहिरो चित्रपट काढणाऱ्या कंपनीच्या चित्रपटांची तुलना थीम पार्कशी केली आणि जगभर गदारोळ झाला. आमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं तेच : हे चित्रपट म्हणजे पाळणे, बसायचं, ओरडायचं, उतरायचं. त्यांच्याकडे दुसरंही एक उदाहरण होतं. अर्जेंटिनाच्या दिग्दर्शिका लुक्रेसिया मार्तेल यांनी २०१८ मध्ये सांगितलं होतं की ‘ब्लॅक विडो’साठी मार्व्हलने त्यांच्याशी बोलणं केलं, तेव्हा हाणामारीच्या दृश्यांची काळजी करू नका, ती आम्ही बघून घेऊ, असं त्यांना सांगण्यात आलं. “चित्रपटाचा अर्धा भाग दिग्दर्शकाच्या हातात नसेल तर ती कला कुणाची?” हा आमच्या सहकाऱ्यांचा सवाल मला बिनतोड वाटला.

तिकीट खिडकी सांभाळणारी तरुण सहकारी ऐकून घेणारी नव्हती. तिने २०१८ चा ‘स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’ हा अ‍ॅनिमेशनपट पुढे केला. छापील कॉमिक्सचे रंगीत ठिपके पडद्यावर आणणं, नवखा नायक अडखळतोय हे दाखवायला त्याचं प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवणं, आणि तो सरावला की हालचाल सलग करणं. ही कला नाही तर काय? तिचा दुसरा दाखला दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन यांचा. २००५ ते २०१२ मधल्या तीन बॅटमन चित्रपटांनी त्यांना जी पत मिळवून दिली, तिच्या बळावर पुढे त्यांनी स्वतःच्या मनातले चित्रपट मोठ्या खर्चात केले. ‘द डार्क नाइट’मधली काही दृश्यं अतिभव्य पडद्यासाठीच्या आयमॅक्स कॅमेऱ्यावर चित्रित झाली आणि कथापटासाठी तो कॅमेरा वापरण्याची वाट रुळली. चित्रपट मुळात जत्रांच्या तंबूंतूनच वाढला, सुरुवातीच्या काळातले फ्रेंच दिग्दर्शक मेलिए तर जादूगार होते, मग जत्रेची एवढी लाज कसली, हेही तिने सुनावलं.

दोघांचंही बरोबर होतं, पण वाद एका जागी अडकला. दोघंही पडद्यावर काय दिसतं एवढ्यावरच बोलत होती. खुद्द स्कॉर्सेसींनी त्या मुलाखतीनंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये लिहिलेल्या लेखात वेगळ्या गोष्टीवरही बोट ठेवलं होतं. मोठ्या पडद्यावर काही पाहायचं तर बहुतेक ठिकाणी मालिकांचेच चित्रपट उरले आहेत, दुसऱ्या चित्रपटांना पडदेच मिळत नाहीत, ही त्यांची खरी व्यथा होती. तो लेख आम्ही सर्वांनी वाचला होता. तरी बैठकीत पडद्यांच्या वाटपाचा मुद्दा कुणी लावून धरला नाही. मीसुद्धा नाही.

समोरचे मार्ग

पहिला मार्ग, मोठा चित्रपट नाकारायचा. त्यावर पाच मिनिटंही बोलणं झालं नाही. परिस्थितीच तशी होती. दुसरा, सगळ्या अटी मान्य करून छोटा चित्रपट उतरवायचा. हा मालकांचा कल, पण त्यांनी आग्रह धरला नाही. तिसरा, मोठा पडदा द्यायचा आणि लहान पडदा पूर्ण राखायचा. मी वितरकाच्या प्रतिनिधीशी फोनवर तसं बोललो. उत्तर नम्र होतं आणि ठाम : लहान पडद्यावरच्या संध्याकाळी नसतील तर चित्रपट देण्याचा पुन्हा विचार करावा लागेल.

चौथा मार्ग मधला. संध्याकाळ आणि रात्र मोठ्या चित्रपटाला, दिवसाचे दोन शो छोट्याला. पाचवा मार्ग एका सहकाऱ्याने सुचवला : मोठा चित्रपट दोन आठवडे उशिरा घ्यायचा. तोवर वितरकाचा वाटा उतरलेला असतो, अटी सैल होतात, आणि छोट्या चित्रपटाला मधले दिवस मिळतात. आम्ही म्हटलं, तोवर सगळ्यांनी तो दुसरीकडे पाहिलेला असेल, आणि विषय संपला. कदाचित ते खरंही असेल. पण त्याचा हिशेब कागदावर मांडायला हवा होता. आम्ही अंदाजावर तो मार्ग बंद केला, आणि या प्रकरणातली माझी पहिली चूक म्हणून मी ती मोजतो.

आम्ही चौथा मार्ग घेतला. तडजोड दोन्ही बाजूंना न्याय देणारी वाटली. दोन शो इकडे, दोन तिकडे. कोणती वेळ कुणाची, यात सगळं होतं, हे तेव्हा नीट पाहिलं नाही.

काय केलं

तडजोडीबरोबर दोन गोष्टी जोडल्या. मोठ्या चित्रपटाआधी छोट्याची झलक दाखवायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. शिवाय मोठ्या चित्रपटाच्या प्रत्येक तिकिटाबरोबर एक चिठ्ठी द्यायची : ही दाखवली तर छोट्या चित्रपटाचं तिकीट निम्म्या दरात. सुपरहिरो चित्रपट माणसांना दारापर्यंत आणतो, मग ती दुसऱ्या दारातही जातील, हा तरुण सहकारीचा विश्वास होता. मलाही तो पटला होता.

पहिल्या शनिवारी भिंतीने आपलं अस्तित्व दाखवलं.

मोठा चित्रपट अडीच तासांचा, आणि शेवटची पस्तीस मिनिटं सलग युद्ध. सकाळचा शो साडेदहाचा, म्हणजे युद्ध बारा पंचवीसला सुरू. छोट्याचा शो साडेअकराचा, म्हणजे नळाचा प्रसंग साडेबाराला. दुपारच्या शोंचंही गणित तसंच जुळत होतं. थोरली बहीण अंधारात बसली, नळ ठिबकायला लागला, आणि भिंतीपलीकडून गडगडाट सुरू झाला. आवाजापेक्षा थरथर जास्त. खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या बोटांना ती जाणवत होती. एक वृद्ध बाई बाहेर आल्या आणि काळजीने विचारू लागल्या, “अहो, शेजारी काही कोसळलं का?” मी त्यांना परत आत नेऊन बसवलं. तोवर प्रसंग संपला होता.

मोठ्या चित्रपटाच्या वेळा करारात बांधलेल्या होत्या. तेव्हा छोट्याच्या वेळा सोमवारपासून चाळीस मिनिटं पुढे सरकवल्या : बारा दहा आणि तीन दहा. आता नळ ठिबकायचा तेव्हा पलीकडे सभागृह रिकामं होत असायचं. पण शाळा सुटायच्या आधी घरी पोचता यावं म्हणून अडीचच्या शोला येणाऱ्या बायकांना तीन दहाचा शो चालेना. आवाज वाचवायला गेलो आणि प्रेक्षक गमावले. दुसऱ्या आठवड्यात छोट्याला १८८ माणसं आली, तिसऱ्यात १२१.

मोठा चित्रपट मी मागच्या रांगेत उभा राहून तीनदा पाहिला, आणि त्याच्याविषयीही प्रामाणिकपणे लिहायला हवं. त्याचा पहिला तास मन लावून केलेला आहे. नायक मुखवटा हातात घेऊन खिडकीशी बसतो आणि बाहेरच्या गाड्यांचा उजेड त्याच्या चेहऱ्यावरून सरकत राहतो, ते दृश्य कुठल्याही चांगल्या चित्रपटात शोभलं असतं. शेवटची पस्तीस मिनिटं मात्र राखाडी धुरळा, कोसळणाऱ्या इमारती, आणि कोण कुठे आहे याचा पत्ता नाही. मार्तेल यांनी सांगितलेली गोष्ट मला तिथे डोळ्यांनी दिसली. पहिला तास एका माणसाने पाहिलेला वाटतो, शेवट एका यंत्रणेने उरकलेला. त्या यंत्रणेत राबणारी माणसंही सुखात नव्हती. मार्व्हलच्या दृश्यपरिणाम कर्मचाऱ्यांनी पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये संघटना स्थापन करण्याच्या बाजूने मतदान केलं.

आणि तरीही भरलेल्या सभागृहातलं ते श्वास रोखून धरणं खरं होतं. कितीतरी माणसं बंदीनंतर पहिल्यांदा अनोळखी लोकांबरोबर अंधारात बसली होती. मी दाराशी उभा राहून त्यांचे चेहरे पाहिले आहेत. त्याला नुसता पाळणा म्हणणं माझ्याने होणार नाही.

काय घडलं

पैशाच्या बाजूने निर्णय बरोबर ठरला. पहिल्या आठवड्यात मोठ्या पडद्यावर सुमारे ४,६०० तिकिटं गेली, दुसऱ्यात सुमारे २,१००. वितरकाचा वाटा देऊनही थकलेले पगार पूर्ण झाले, कारण खाण्यापिण्याच्या काउंटरचं उत्पन्न आमचं होतं. दिवा बदलला.

तिसऱ्या आठवड्यात मोठा चित्रपट ओसरला, आठवडाभरात ६०० च्या आसपास तिकिटं. लहान पडदा आता पुन्हा आमचा होता. छोट्याचा तो चौथा आणि शेवटचा आठवडा. शुक्रवार, शनिवार, रविवार त्याला संध्याकाळचा शो दिला. शुक्रवारी ५८ माणसं आली, शनिवारी ७४, रविवारी ६९. शनिवारी २२ जणांना खिडकीवरून परत पाठवलं.

त्याच शनिवारी, त्याच वेळी, भिंतीपलीकडे २८६ खुर्च्यांत ३४ माणसं होती.

दोन्ही सभागृहं अदलाबदल करण्याचा विचार त्या क्षणी कुणाच्याही मनात येईल. करार आड होता, तसं तंत्रही. डिजिटल चित्रपट कुलूपबंद येतो. तो उघडणारी किल्ली ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारखांपुरतीच असते. छोट्या चित्रपटाची किल्ली लहान सभागृहाच्या सर्व्हरची होती. मोठ्या सभागृहासाठी दुसरी किल्ली आधी मागून ठेवायला हवी होती. ती मागायला एक निरोप पुरला असता. मी तो पाठवला नव्हता, कारण असा दिवस येईल असं मलाच वाटलं नव्हतं. परत गेलेल्या २२ जणांतला एक मुलगा म्हणाला, “उद्या येतो.” रविवारी मी त्याला शोधत होतो, तो दिसला नाही.

गुरुवारी मध्यरात्री किल्लीची मुदत संपली. शुक्रवारपासून लहान पडदा दुसऱ्या चित्रपटाला दिलेला होता. मुदत वाढवून मागितली असती तरी लावायला जागा नव्हती.

निम्म्या दराच्या चिठ्ठ्यांचा हिशेबही इथेच. तीन आठवड्यांत ६१ जणांनी त्या वापरल्या. सात हजारांहून जास्त तिकिटांपुढे हा आकडा नगण्य आहे, आणि सुपरहिरोचा प्रेक्षक आपोआप दुसऱ्या चित्रपटांकडे वळतो हा दिलासा त्यातून मिळत नाही. पण त्या ६१ पैकी २४ चिठ्ठ्या शेवटच्या तीन संध्याकाळच्या शोंना आल्या. आधीच्या दोन आठवड्यांत चिठ्ठी हातात घेऊन कितीतरी जण खिडकीवर विचारत होते, “संध्याकाळचा नाहीये का?” आम्ही त्यांना नाही म्हणत होतो. सुपरहिरो चित्रपटाने त्यांना दारापर्यंत आणलं होतं. दुसरं दार त्यांच्या वेळेला बंद होतं, आणि ते आम्ही बंद केलं होतं.

पुन्हा वेळ आली तर

मी सर्वांत जास्त परतून जातो तो वितरकाशी झालेल्या त्या एका फोनकडे. मी लहान पडद्यावरच्या सगळ्या संध्याकाळी मागितल्या आणि नकार मिळाल्यावर एकही न घेता फोन ठेवला. आठवड्यातून दोन संध्याकाळी मागायला हव्या होत्या, सोमवार आणि मंगळवारच्या. मोठ्या चित्रपटालाही त्या दिवशी गर्दी नसते. छोट्याला मात्र त्या दोन संध्याकाळींनी धुगधुगी मिळाली असती.

क्रमही चुकला. मोठा चित्रपट कोणत्या शुक्रवारी येणार हे आम्हाला कित्येक महिने आधी ठाऊक होतं. छोटा त्याच्या एक आठवडा आधी लावणं म्हणजे रोप लावून लगेच त्यावर मांडव घालणं. तीन आठवडे आधी तरी लावायला हवा होता, किंवा मोठा ओसरल्यावर.

आणखी एक गृहीतक आम्ही तपासलं नाही : सुपरहिरो म्हणजे हमखास गल्ला. २०१९ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : एन्डगेम’ने जगभर सुमारे २८० कोटी डॉलर मिळवले होते, तो आकडा आमच्या डोक्यात होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच विश्वातला ‘द मार्व्हल्स’ सुमारे २०.६ कोटी डॉलरवर थांबला. त्याच वर्षी नोलन यांच्या ‘ओपनहायमर’ने, तीन तासांच्या आणि बराचसा माणसं बोलत असलेल्या चित्रपटाने, ९५ कोटी डॉलरच्या पुढे मजल मारली. आमच्या प्रकरणात मोठा चित्रपट चालला म्हणून आम्ही वाचलो. तो पडला असता तरी तीन आठवडे मोठा पडदा त्याच्याच नावावर बांधलेला राहिला असता.

वाद घालणाऱ्या माझ्या दोन सहकाऱ्यांचं अजून जमलेलं नाही. ज्येष्ठ सहकारी म्हणतात, या चित्रपटांनी प्रेक्षकाचा कान बिघडवला, त्याला नळाचं ठिबकणं ऐकू येईनासं झालं. मी त्यांना त्या शनिवारचं लहान सभागृह आठवायला सांगतो. ७४ माणसं चार मिनिटं हलली नव्हती, आणि त्यांतल्या निदान काहींच्या खिशात मोठ्या चित्रपटाचं तिकीट होतं. कान शाबूत आहेत. त्यांना ऐकायला जागा आणि वेळ द्यावी लागते, आणि ती जागा आज करारांनी आधीच व्यापलेली असते. सुपरहिरो चित्रपटांकडून कलेचं होणारं नुकसान मला तिथे दिसतं.

त्या तीन आठवड्यांतून उरलेल्या पैशांतून मधल्या भिंतीला आवाज शोषणारं जाड अस्तर लावलं. म्हणजे त्या गडगडाटानेच स्वतःला अडवण्याचे पैसे दिले. पुढचा सुपरहिरो चित्रपट घेताना दोन संध्याकाळी लेखी मिळवल्या, आणि आता प्रत्येक छोट्या चित्रपटासाठी दोन्ही सभागृहांच्या किल्ल्या पहिल्याच दिवशी मागवून ठेवतो. मोठ्या पडद्यावरची तिसऱ्या आठवड्याची अट मात्र हटलेली नाही. पुढच्या बोलणीला मी नोंदवहीचं ते शनिवारचं पान सोबत नेणार आहे : एका रकान्यात ३४, दुसऱ्यात ७४, आणि समासात तिकीट खिडकीवरून पेन्सिलीने लिहिलेलं २२.